सात वर्षांचा कान्हा

सिनेमा लागलाय आणि आवाजच येत नाही, असं झालं तर? परवा आमच्या तिसरीच्या वर्गात तस्संच झालं. मागून ओरड आली, "बाई, आवाज येईना की!"

आवाज येणार कुठून? सिनेमा होता 'कालिया मर्दन', दादासाहेब फाळक्यांनी १९१९ साली काढलेला. तेव्हा पडदा मुकाच. मधूनमधून पाट्या येतात, त्या वाचायच्या. मी डी.एड.ला असताना तो पहिल्यांदा पाहिला होता. खरं सांगते, तेव्हा मला हसू आलं होतं. नाग अगदीच खोटा वाटला होता.

आता पोरांबरोबर पुन्हा पाहिला. सुरुवातीलाच एका मुलीचा चेहरा दिसतो. नाना हावभाव करते आणि बघता बघता तिच्या जागी कृष्ण! वर्ग चिडीचूप. मग प्रश्न, "बाई, किसन पोरगी हाय?"

हो! ती फाळक्यांची लेक, मंदाकिनी. वय वर्षं सात. गंमत बघा, १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढताना याच फाळक्यांना तारामतीच्या कामाला एकही बाई मिळाली नव्हती. अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने लुगडं नेसून ते काम केलं. आणि सहाच वर्षांनी घरच्या मुलीने चक्क कृष्ण केला.

शेवटी कृष्ण डोहात उडी घेतो. एकदा पाण्याखालची झुंज दिसते, एकदा काठावरची घाबरलेली माणसं. पुन्हा झुंज, पुन्हा काठ. पूर्वी मी फक्त नागाकडे बघत होते; या खेपेला काठ दिसला. आमच्या विष्णुपुरीला गोदावरीवर धरण आहे. पावसाळ्यात दरवाजे उघडले, की "नदीकडं फिरकायचं नाही!" असं घरोघरी बजावतात. म्हणून असेल, काठावरच्या त्या माणसांना पाहून माझं एकही पोर हसलं नाही.

आणि ही गोदावरी निघते त्र्यंबकेश्वरला. फाळक्यांचा जन्म तिथलाच, १८७० चा. पुढे ती त्यांच्या नाशिकवरून वाहत आपल्याकडे येते. हे नकाशात दाखवलं, तेव्हा पोरांना सिनेमा एकदम आपल्याच गावचा वाटू लागला!

पालकांनो, घरी मुलांना जवळ घेऊन हा सिनेमा जरूर बघा. जेमतेम पाऊण तासाचा भाग उरला आहे. त्या काळची फिल्म लवकर पेट घ्यायची, नाहीतर सडायची. फाळक्यांचे बहुतेक सिनेमे असेच गेले. 'राजा हरिश्चंद्र'च्याही थोड्याच रिळा उरल्या. त्या मानाने हा बराच शाबूत म्हणायचा.

आमच्या गॅदरिंगला कान्हा आजवर मुलगाच व्हायचा. कधी कोणी ठरवलं नव्हतं, आपलं चालत आलं होतं. सिनेमा संपल्यावर पहिल्या बाकावरची एक मुलगी जवळ आली. "बाई, यंदा मी होऊ?" मी लगेच वहीत नाव लिहून घेतलं. आता नाग कोणी व्हायचं, यावरून मुलांची भांडणं चालली आहेत.