माहिती चौकट : सांगली विरुद्ध कल्याण

पहिला किताब : पुरुषांची महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा १९६१ पासून, महिलांची पहिली स्पर्धा मार्च २०२३ मध्ये, सांगलीत. अंतिम फेरीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवले.

चढाई की प्रतिडाव : चढाईची मल्ल पट (पायांवरची पकड) काढून ताबा घेते : २ गुण. मग भारंदाज डावाने प्रतिस्पर्ध्याची पाठ मॅटकडे फिरवली की आणखी २. बचावाची मल्ल वाट पाहते. पट फसला, की तीच ताबा घेते आणि तिलाही तेवढेच गुण.

वेळ : ३ मिनिटांच्या २ फेऱ्या, मध्ये ३० सेकंद विश्रांती. १० गुणांची आघाडी मिळाली किंवा दोन्ही खांदे टेकले, की निकाल तिथेच. नुसता बचावही चालत नाही. निष्क्रिय मल्लाला ताकीद मिळते.

पुढे : वैष्णवी २०२५ मध्ये झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत ६५ किलो गटात भारताकडून खेळली. एका पराभवाने मल्ल संपत नाही, हे तिने दाखवून दिले.

आपल्यासाठी : कल्याण आपल्या कांजूरमार्गच्याच मध्य रेल्वे मार्गावर आहे. उपनगरांतल्या मुलींनाही जवळ मॅट आणि महिला प्रशिक्षक मिळायलाच हव्यात.