दारू सोडली, पण विडी राहिली: स्वादुपिंडाचं दुखणं समजून घेऊया



बोटीवर कुणाच्या पोटात कळ आली की आपलं निदान ठरलेलं असतं: गॅस. मग सोडा, गॅसची गोळी, आणि कुणीतरी "एक घोट घे, उतरेल" असा सल्ला देतोच. बहुतेक वेळा गॅसच असतो, हे खरं. पण एक दुखणं असं आहे की जे गॅस म्हणून अंगावर काढलं तर जिवावर बेततं. ते स्वादुपिंडाचं. आणि त्याबद्दल आपल्या लोकांमध्ये अर्धीच माहिती आहे: दारूने होतं, एवढीच. विडी-सिगारेटचं नाव कुणी घेत नाही.

स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडवी पडलेली वीतभर लांबीची ग्रंथी. तिची कामं दोन. जेवण पचवणारा रस तयार करून आतड्यात सोडायचा, आणि रक्तातली साखर ताब्यात ठेवणारं इन्सुलिन बनवायचं. हा पाचक रस जबरदस्त असतो, मांस आणि चरबी विरघळवणारा. म्हणून तो ग्रंथीत असताना थंड असतो, आतड्यात पोचल्यावरच कामाला लागतो. डिझेल टाकीत शांत असतं आणि इंजिनात गेल्यावर पेटतं, तसंच. काही बिघडलं आणि तो रस ग्रंथीतच पेटला, तर ग्रंथी स्वतःलाच पचवायला लागते. डॉक्टर त्याला पॅन्क्रियाटायटिस म्हणतात, म्हणजे स्वादुपिंडाची सूज.

आता कारणं. पित्ताशयातले खडे आणि दारू ही दोन मोठी. खड्यांमुळे होणारं दुखणं बायकांनाही होतं, आयुष्यात विडीला हात न लावलेल्यांनाही होतं. त्यामुळे प्रत्येक रुग्णाकडे बोट दाखवून "ओढत होता म्हणून" असं म्हणू नका. पण धुराचा वाटा किती, हे बरीच वर्षं डॉक्टरांच्याही लक्षात आलं नव्हतं. कारण साधं आहे. जास्त पिणारा माणूस बहुतेक ओढणाराही असतो, आणि सगळा दोष बाटलीवर जातो. पुढे दोन्ही गोष्टी वेगळ्या करून मोजल्या गेल्या. डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरात सुमारे १८ हजार लोकांवर सरासरी २० वर्षं लक्ष ठेवलं गेलं. २००९ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. दारूचा हिशेब बाजूला काढल्यावरही, दिवसाला १५ ते २४ सिगारेटी ओढणाऱ्यांना हा आजार न ओढणाऱ्यांच्या अडीच पटींहून जास्त होत होता. त्या लोकांमधल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या आजारामागे धूम्रपान होतं, असा त्यांचा अंदाज निघाला.

धूर जातो फुप्फुसात, मग पोटातल्या ग्रंथीला काय होतं, असं कुणीही विचारेल. धूर फुप्फुसातच थांबत नाही ना. त्यातलं निकोटीन आणि तंबाखूतली विषारी द्रव्यं रक्तात उतरतात आणि रक्ताबरोबर स्वादुपिंडापर्यंत पोचतात. तिथे पाचक रस पातळ ठेवणारं पाणी आणि क्षार कमी सुटतात. रस घट्ट होतो, बारीक नळ्या तुंबतात. पुन्हा पुन्हा सूज येत राहिली की मऊ ग्रंथीच्या जागी कडक वण तयार होतो, आणि पुढे त्यात चुन्याचे खडे धरतात.

म्हणूनच एक गोष्ट आम्हाला आवर्जून सांगायची आहे. एकदा ॲटॅक येऊन गेला की घरचे दारू बंद करतात. चांगलंच आहे, ती बंद व्हायलाच पाहिजे. पण मग "दारू सोडलीय बिचाऱ्याने, विडी तरी राहू दे" म्हणून विडीकडे कानाडोळा होतो. कधीकधी दारूच्या जागी दोन विड्या वाढतातही. हे अर्धं काम झालं. ओढणं चालू असलं तर पुन्हा ॲटॅक येण्याची आणि ग्रंथीत खडे धरण्याची शक्यता जास्त राहते. दोन्ही सुटलं तरच ग्रंथीला उसंत मिळते.

खडे धरलेल्या ग्रंथीचा त्रास नुसता दुखण्याचा नसतो. जेवलेलं पचत नाही. शौच तेलकट, दुर्गंधीचं, पाण्यावर तरंगणारं होतं. माणूस पोटभर जेवूनही खंगत जातो. पाचक रसाच्या कॅप्सूल जेवणाबरोबर घ्याव्या लागतात, त्याही कायमच्या. आणि इन्सुलिन कमी पडलं की मधुमेह. हा मधुमेह जरा अवघड असतो. साखर एकदम वर जाते तशी एकदम खालीही येते. जाळं ओढायच्या गडबडीत जेवणाची वेळ कधीच धड नसते, तिथे खोल समुद्रात साखर उतरून माणूस डेकवर कोसळला तर काय, याचा विचार मालकांनीही करावा.

कॅन्सरबद्दल थोडक्यात सांगतो. धूम्रपान करणाऱ्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होण्याचा धोका साधारण दुप्पट असतो. नुसती तंबाखू खाणारे यातून सुटत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने तोंडात ठेवायच्या तंबाखूलाही या कॅन्सरचं कारण ठरवलं आहे. हा कॅन्सर लवकर कळत नाही, म्हणून बहुतेकांचा हाती लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. न दुखता आलेली कावीळ, गडद लघवी, पांढरट शौच, अंगाला खाज, कारण नसताना उतरलेलं वजन, पन्नाशीनंतर अचानक निघालेली साखर, यातलं काही दिसलं तर सोनोग्राफी करून घ्या. कावीळ म्हटली की आपल्याकडे आधी झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे जातात. तिथे महिना जातो, आणि या आजारात तो महिना परत मिळत नाही.

तांडेल मंडळींसाठी. स्वादुपिंडाची कळ ओळखायची खूण अशी: बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात जोराची कळ, ती आरपार पाठीत जाते, तासन्‌तास थांबत नाही. आडवं झालं की वाढते, पुढे वाकून बसलं की किंचित बरं वाटतं. उलट्या होतात, पण उलटी होऊनही आराम नाही. अशा माणसाला खायला देऊ नका, दारूचा थेंबही नको. हार्ट ॲटॅकची कळसुद्धा कधीकधी याच जागी येते, आणि तोही विडी ओढणाऱ्यांनाच जास्त येतो. त्यामुळे गॅसच्या गोळीने तासाभरात उतार पडला नाही, किंवा माणसाला थंड घाम सुटला, तर जाळी आवरा आणि बोट वळवा. डिझेल जाईल, त्या दिवसाची मासळी जाईल, आम्हाला कळतं. व्हीएचएफच्या १६ नंबर चॅनेलवर कळवा, किंवा रेंज असेल तर तटरक्षक दलाला १५५४ वर फोन करा. जेटीवर पोचण्याआधीच १०८ ला सांगून ठेवा. हॉस्पिटलात लायपेज नावाची रक्ताची तपासणी होते, तिच्यावरून बरंच कळतं. रुग्ण किती पितो आणि किती ओढतो, हे डॉक्टरांना खरं सांगा, बायको समोर उभी असली तरी.

सोडायचं कसं? पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड होते, झोप लागत नाही. तलफ आली की ती काही मिनिटंच टिकते, तेवढी जाऊ द्यायची. बोटीवर रात्रपाळीला चार जण ओढत असताना एकट्याने सोडणं कठीण आहे, हे आम्ही मान्य करतो. म्हणून १ जून ते ३१ जुलैची बंदी ही त्यासाठी चांगली वेळ. घरी असता, जाळी विणता, झोप वेळेवर होते. त्याच दिवसांत साखर आणि सोनोग्राफीही उरकून घेता येते. सोडल्यावर कॅन्सरचा धोका लगेच नाही, पण वर्षागणिक उतरत जातो. तलफ आवरत नसेल तर निकोटीनची च्युइंगम डॉक्टरांना विचारून घ्या. सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १८००-११-२३५६. सिगारेटच्या पाकिटावरच तो छापलेला असतो.