बायनरी सर्च आणि तिच्या पोटातले संगणकशास्त्र

प्रोग्रामिंगच्या भाषा आणि साधने दर काही वर्षांनी बदलतात; मात्र ज्या मोजक्या संकल्पनांवर ती सर्व उभी आहेत त्यांतील बहुतेक १९३० ते १९७० या काळातच आकाराला आल्या आणि आजही त्या जशाच्या तशा लागू आहेत. त्या समजून घ्यायला फार मोठ्या प्रणालीचा अभ्यास करावा लागतो असे नाही. क्रमवार लावलेल्या यादीत एखादे नाव आहे की नाही हे शोधणारा, जेमतेम दहा ओळींचा ‘बायनरी सर्च’ नावाचा प्रोग्राम नीट तपासला तरी संगणकशास्त्राचे बरेचसे मूलभूत प्रश्न त्यात दडलेले आढळतात. म्हणूनच प्रोग्रामरने हा प्रोग्राम केवळ तयार मिळतो म्हणून वापरून न सोडता एकदा तरी स्वतः लिहून, त्यातील प्रत्येक ओळ का बरोबर आहे हे स्वतःला पटवून द्यायला हवे.

या पद्धतीची कल्पना अगदी सोपी आहे. यादीच्या बरोबर मधले नाव पाहायचे. हवे असलेले नाव क्रमाने त्याच्या आधी येत असेल तर उत्तरार्ध सोडून द्यायचा, नंतर येत असेल तर पूर्वार्ध सोडून द्यायचा, आणि उरलेल्या भागावर हीच कृती पुन्हा करायची. दहा कोटी नावांची यादी पहिल्या नावापासून एकेक करत वाचली, तर वाईटात वाईट परिस्थितीत दहा कोटी तुलना कराव्या लागतात. दर वेळी यादी निम्मी केली तर २७ तुलनांत काम संपते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की यादी वाढून वीस कोटींची झाली तरी पहिल्या पद्धतीचे काम दुप्पट होते आणि दुसऱ्या पद्धतीत केवळ एका तुलनेची भर पडते. माहितीचा आकार वाढत गेला की कामाचा आकार कोणत्या गतीने वाढतो, या प्रश्नाला संगणकशास्त्रात मध्यवर्ती स्थान आहे आणि तो मांडण्यासाठी ‘बिग-ओ’ हे चिन्ह वापरले जाते. हे चिन्ह संगणकाच्या कितीतरी आधी, १८९४ मध्ये, पाउल बाखमान या जर्मन गणितज्ञाने वापरात आणले होते. यंत्र किती वेगवान आहे याला या हिशेबात स्थान नाही, कारण यंत्राचा वेग काही पटींनीच वाढतो, पण चुकीच्या पद्धतीचा खर्च माहितीबरोबर वर्गाच्या प्रमाणात किंवा त्याहूनही झपाट्याने वाढू शकतो. दहा लाख नोंदी क्रमवार लावताना प्रत्येक नोंदीची प्रत्येक नोंदीशी तुलना केली तर सुमारे एक लाख कोटी पावले पडतात, तर जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्ये मांडलेल्या ‘मर्ज सॉर्ट’सारख्या पद्धतीने साधारण दोन कोटी पावलांत काम होते. सेकंदाला दहा कोटी पावले टाकणाऱ्या यंत्रावर हा फरक पावणेतीन तास आणि सेकंदाचा पाचवा भाग एवढा पडतो.

मात्र हा लाभ मिळण्यासाठी माहिती स्मृतीत कशी मांडली आहे यालाही तितकेच महत्त्व आहे. ज्या रचनेत नोंदी एकापाठोपाठ एक सलग ठेवलेल्या असतात आणि कोणत्याही क्रमांकाच्या नोंदीपर्यंत एका उडीत पोहोचता येते, तिला ‘ॲरे’ म्हणतात; बायनरी सर्च तिच्यावरच शोभते. प्रत्येक नोंद फक्त पुढच्या नोंदीचा पत्ता सांगते अशा ‘लिंक्ड लिस्ट’ या रचनेत मधल्या नोंदीपर्यंत जाण्यासाठीच अर्धी यादी चालावी लागते, आणि मग निम्मे करण्याचा फायदा उरत नाही. उलट ॲरेमध्ये मध्येच नवे नाव घालायचे तर पुढची सर्व नावे सरकवावी लागतात. या दोन्ही अडचणींवर मार्ग काढण्यासाठी रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांनी १९७० च्या सुमारास ‘बी-ट्री’ ही वृक्षासारखी फांद्या फुटणारी रचना मांडली आणि आजचे बहुतेक डेटाबेस आपली अनुक्रमणिका तिच्याच एखाद्या रूपावर उभारतात.

इतकी सोपी कल्पना प्रत्यक्ष लिहिताना मात्र आश्चर्यकारक रीतीने अवघड ठरली आहे. जॉन मॉकली यांनी १९४६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मूर स्कूलमधील व्याख्यानात या पद्धतीचा उल्लेख केला, परंतु डोनाल्ड कनूथ यांच्या नोंदीनुसार कोणत्याही लांबीच्या यादीवर बिनचूक चालणारे तिचे रूप छापून यायला १९६० चे दशक उजाडावे लागले. जॉन बेंटली यांनी व्यावसायिक प्रोग्रामरना पुरेसा वेळ देऊन हा प्रोग्राम लिहायला सांगितला तेव्हा सुमारे दहा टक्के जणांनाच तो बरोबर जमला. चूक बहुधा टोकाच्या स्थितीत होते: यादी रिकामी असताना, तिच्यात एकच नाव असताना, किंवा मधले नाव वगळायचे की ठेवायचे हे ठरवताना. उदाहरणार्थ, शोधाची खालची सीमा मधल्या क्रमांकाच्या पुढच्या क्रमांकावर न नेता मधल्या क्रमांकावरच ठेवली, तर दोन नावे उरल्यावर ती सीमा पुढे सरकतच नाही आणि प्रोग्राम त्याच जागी अनंतकाळ फिरत राहतो.

अशा चुका चाचण्यांनी सापडतातच असे नाही, म्हणून येथे ‘इन्व्हेरियंट’ ही संकल्पना उपयोगी पडते. इन्व्हेरियंट म्हणजे प्रोग्रामच्या प्रत्येक फेरीच्या आरंभी सत्य असणारे आणि ती फेरी संपल्यावरही सत्य राहणारे विधान. येथे ते विधान असे आहे की शोधायचे नाव यादीत असेलच, तर ते खालच्या आणि वरच्या सीमेच्या दरम्यान आहे. प्रत्येक ओळ हे विधान टिकवते आणि दोन सीमांमधील अंतर प्रत्येक फेरीत कमी होते, एवढे दाखवले की प्रोग्राम थांबतो आणि बरोबर उत्तर देतो हे सिद्ध होते. हे काम एखाद्या यंत्राकडून सरसकट करून घेता येणार नाही, कारण कोणताही प्रोग्राम आणि त्याला दिलेली माहिती पाहून तो थांबेल की नाही हे नेहमी अचूक सांगणारी सर्वसाधारण पद्धत असूच शकत नाही, हा ॲलन ट्युरिंग यांच्या १९३६ च्या कार्यातून निघणारा निष्कर्ष आहे. विशिष्ट प्रोग्रामबद्दल मात्र माणूस विचाराने खात्री करून घेऊ शकतो, आणि शिकणाऱ्यांकडून ही सवय करून घेण्याकडे जे दुर्लक्ष होते ते खरोखर खेदाचे आहे.

परंतु सिद्धताही ज्या गृहीतकांवर उभी असते तेवढीच भक्कम असते. जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये जाहीर केले की जावा भाषेच्या प्रमाण ग्रंथालयात त्यांनी स्वतः लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये सुमारे नऊ वर्षे एक दोष लपून होता आणि तोच दोष बेंटली यांच्या १९८६ च्या पुस्तकात बरोबर म्हणून सिद्ध केलेल्या रूपातही होता. दोन सीमांची बेरीज करून तिला दोनने भागायचे आणि मधला क्रमांक काढायचा, ही ती निरुपद्रवी दिसणारी ओळ. गणितातल्या पूर्णांकांना अंत नाही, संगणकातल्या पूर्णांकांना आहे: ३२ बिटांत, म्हणजे शून्य किंवा एक असलेल्या ३२ स्थानांत, मावणारी सर्वांत मोठी चिन्हसहित संख्या २,१४,७४,८३,६४७ आहे. सीमा १२० कोटी आणि १३० कोटी असतील तर बेरीज २५० कोटी न येता, मर्यादा ओलांडून उणे १७९ कोटींच्या घरात जाते, आणि यादीतला मधला क्रमांक ऋण निघतो. खालच्या सीमेत दोन सीमांच्या फरकाचा अर्धा भाग मिळवला की हा दोष टळतो. १९८० च्या दशकात एवढी मोठी यादी कोणाच्याही स्मृतीत मावत नव्हती, म्हणून हा दोष कोणालाही भेटला नाही.

संख्येला दिलेली जागा अपुरी पडल्याची किंमत अन्यत्र याहून कितीतरी मोठी मोजावी लागली आहे. ४ जून १९९६ रोजी एरियन ५ हा युरोपीय अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला, कारण एरियन ४ मधून जसाच्या तसा घेतलेला प्रोग्राम ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत बसवू पाहत होता. अपूर्णांकांची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. दशमान पद्धतीत एक तृतीयांश जसा कधीच पूर्ण लिहून होत नाही, तसा द्विमान पद्धतीत एक दशांश पूर्ण लिहून होत नाही. तो कुठेतरी तोडावाच लागतो. अमेरिकी सैन्याच्या पॅट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेत वेळ सेकंदाच्या दशांशांत मोजून २४ बिटांत ठेवला जात होता. सलग शंभर तास चालल्यावर ही तोडलेली चिमूट साचून एक तृतीयांश सेकंदाएवढी झाली, आणि २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे इराकी स्कड क्षेपणास्त्र अडवले न जाऊन २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. सुधारित प्रोग्राम तेथे पोहोचला तो दुसऱ्या दिवशी. रुपयांचा हिशेब करणाऱ्या प्रोग्राममध्ये रक्कम अपूर्णांकात न ठेवता पैशांच्या पूर्णांकात ठेवावी, असा आग्रह अनुभवी लोक धरतात तो याच कारणाने.

आतापर्यंत यादी ‘क्रमवार’ आहे असे मानले, पण तो क्रम कोणाचा, हा प्रश्न मराठी मजकुरात विशेष तीव्र होतो. संगणक अक्षर ओळखत नाही, क्रमांक ओळखतो. युनिकोड या १९९१ पासूनच्या प्रमाणात देवनागरीच्या चिन्हांना दिलेले क्रमांक इस्की या १९८८ च्या भारतीय प्रमाणाच्या मांडणीवर आधारलेले आहेत. या तक्त्यात ‘ळ’ हे अक्षर ‘ल’च्या लगेच पुढे, २३५५ या क्रमांकावर, आणि ‘व’ त्यानंतर २३५७ वर आहे. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या वर्णमालेत मात्र ‘ळ’ येतो ‘ह’च्या नंतर. त्यामुळे नुसते क्रमांक पाहून लावलेल्या यादीत ‘काळा’ हा शब्द ‘कावळा’च्या आधी येतो आणि वर्णमालेप्रमाणे लावलेल्या यादीत नंतर. यादी एका नियमाने लावली आणि शोध दुसऱ्या नियमाने घेतला, तर बायनरी सर्च नेमका चुकीचा अर्धा भाग टाकून देते आणि यादीत असलेला शब्द नसल्याचे सांगते. प्रोग्रामची एकही ओळ येथे चुकलेली नसते; मोडलेले असते ते त्याचे गृहीतक.

दोन शब्द सारखे आहेत की नाहीत हेही वाटते तितके सरळ नाही. ‘महाराष्ट्र’ या शब्दात वाचकाला चार अक्षरे दिसतात, युनिकोडच्या दृष्टीने त्यात दहा चिन्हे आहेत, आणि यूटीएफ-८ या प्रचलित साठवणपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागत असल्याने तो ३० बाइट व्यापतो. ‘शब्दाची लांबी’ या साध्या प्रश्नाला अशी तीन खरी उत्तरे आहेत, आणि नावासाठी ठरावीक बाइट राखणाऱ्या अर्जात मराठी नाव मध्येच तुटते ते हा फरक न ओळखल्यामुळे. ‘दुसऱ्या’मधील आडव्या रफाराचे ‘ऱ्य’ हे जोडाक्षर तर दोन वेगळ्या रीतींनी टंकले जाते: एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह, हलन्त आणि ‘य’, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, डोळ्यांना न दिसणारे शून्य रुंदीचे जोडचिन्ह आणि ‘य’. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात, आणि एका रीतीने भरलेले नाव दुसऱ्या रीतीने शोधल्यास सापडत नाही. युनिकोडमध्ये समान रूपे एकत्र आणण्यासाठी जी ‘नॉर्मलायझेशन’ची प्रमाण प्रक्रिया आहे, ती या दोन रूपांना एकत्र आणत नाही. न दिसणारे चिन्ह सरसकट काढून टाकणे हा उपायही घातक आहे, कारण दुसऱ्या रीतीने टंकलेल्या ‘आचाऱ्यास’ या शब्दातून ते काढले की ‘आचार्यास’ उरतो आणि स्वयंपाक्याचा गुरू होतो. म्हणून मराठी यादी लावण्यापूर्वीच दुसऱ्या रीतीचे प्रत्येक ‘र’ आणि जोडचिन्ह बदलून तेथे ‘ऱ’ घालावा लागतो, आणि शोधणाऱ्याने टंकलेल्या शब्दावरही, पहिली तुलना होण्याआधी, तीच प्रक्रिया करावी लागते.