जोडा पायासाठी, पाय जोड्यासाठी नव्हे

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका शेतकरी कुटुंबाबरोबर आम्हांस इस्पितळाची पायरी चढावी लागली. घरचा कर्ता पुरुष पन्नाशी उलटलेला, मधुमेहाचा जुना रोगी. त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारचे बोट काळे पडले होते आणि ते काढून टाकण्यावाचून डॉक्टरांपुढे दुसरा मार्ग उरला नव्हता. काटा रुतला नव्हता की सर्पदंश झाला नव्हता. ही इजा केली होती एका उत्तम, महागड्या, नव्याकोऱ्या बुटांच्या जोडीने!

हकीकत अशी की, त्या कुटुंबाचा मुलगा ऑस्ट्रियातील एका डोंगराळ गावी हॉटेलात नोकरीस आहे. तेथील शिकारी लोक पावसात व बर्फात जे बूट घालून डोंगर चढतात ते त्याने पाहिले, आणि भर पावसात गुरांमागे डोंगर तुडविणाऱ्या आपल्या बापाची त्यास आठवण झाली. त्याने आईला फोन करून नंबर विचारला. आईने जुन्या चपलेवरचा अर्धवट पुसलेला आकडा वाचून सांगितला. बूट आले. ते आखूड होते. परंतु "पोराने एवढ्या मायेने पाठवले, होत नाहीत असे कोणत्या तोंडाने सांगू?" असे म्हणून बापाने ते तसेच पायात चढविले. मधुमेहाने पायाची संवेदना मंदावलेली. फोड आला तो कळला नाही, फुटला तो कळला नाही, आणि चिघळला तेव्हा फार उशीर झाला होता.

त्या बुटांचा काही दोष नव्हता. आम्ही ते हातात घेऊन नीट पाहिले. वाचकांनीही ते आमच्याबरोबर पाहावे अशी आमची इच्छा आहे, कारण त्यांत शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

आल्प्सच्या शिकाऱ्याचा जोडा

आल्प्स पर्वतात शामोआ नावाचा एक चपळ रानबकरा असतो. त्याच्या शिकारीस निघालेला मनुष्य पहाटेच्या अंधारात दवाने भिजलेल्या गवतातून चढू लागतो, सुटे दगड घरंगळणारी घसरण ओलांडतो, आणि शिकार साधलीच तर ते ओझे पाठीवर घेऊन त्याच उतारावरून खाली येतो. तेथे पाय मुरगळला तर हाक ऐकावयास कोणी नसते. म्हणून त्याचा बूट घोट्याच्या बराच वर जातो, जाड व अखंड कातड्याचा असतो, त्याचा तळ कडक असतो आणि दगडांनी कातडे सोलवटू नये म्हणून खालच्या कडेस सभोवार रबराची पट्टी बसविलेली असते.

पूर्वी या बुटांच्या तळास लोखंडी खिळे ठोकीत. १९३५ साली इटालियन आल्प्समध्ये गिर्यारोहकांच्या एका तुकडीतील सहा जण मृत्यू पावले. अपुऱ्या पादत्राणांचाही त्यात भाग होता, असे मानले जाते. त्यांचा मित्र विताले ब्रामानी याच्या जिव्हारी हे दुःख लागले. परंतु तो नुसता रडत बसला नाही. १९३७ साली त्याने खोल खाचांचा रबरी तळ तयार केला. ओल्या खडकास धरून राहणाऱ्या त्या तळास त्याच्या नावावरून 'विब्राम' म्हणतात, आणि आज जगभर डोंगरी बुटांखाली तो आढळतो. मित्रांच्या मृत्यूतून परक्यांच्या प्राणांचे रक्षण निघाले!

पाणी अडविण्याची युक्ती त्यानंतरची आहे. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी एका कृत्रिम द्रव्यास झटक्याने ताणून पाहिले, तेव्हा त्याचा असंख्य सूक्ष्म छिद्रांचा पडदा झाला. त्या छिद्रांतून पाण्याचा थेंब आत शिरू शकत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर जाते. असा पडदा कातडे व अस्तर यांच्यामध्ये घालतात. तरीही दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. बाहेरची हवाच ओलीचिंब असली, जशी आपल्या घाटमाथ्यावर आषाढात असते, तर वाफ बाहेर जाणे फार मंदावते. आणि वरच्या तोंडातून एकदा पाणी आत गेले की असा बूट लवकर वाळत नाही.

शिकाऱ्यांचे आश्रयदाते संत हुबर्ट हे लिएजचे बिशप होते. त्यांचा मृत्यू ७२७ साली झाला व त्यांचा सण ३ नोव्हेंबरला येतो. गुड फ्रायडेच्या दिवशी शिकारीस गेले असता त्यांना सांबरासारख्या एका मोठ्या हरणाच्या शिंगांमध्ये क्रूस दिसला व त्यांचे जीवन पालटले, अशी आख्यायिका आहे. आपल्या देशात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी घातली आहे, आणि ती आपण मनापासून पाळली पाहिजे. परंतु डोंगर व पाऊस यांना बंदी नाही. गुराख्यास, शेतकऱ्यास, रानातून शाळेत जाणाऱ्या मुलास शिकाऱ्याच्या बुटाचे शहाणपण उपयोगी पडण्यासारखे आहे.

माप कसे घ्यावे

पहिली गोष्ट, आकड्यावर विश्वास ठेवू नये. इंग्लिश पद्धतीत एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, युरोपीय पद्धतीत सेंटीमीटरचे दोन तृतीयांश. शिवाय प्रत्येक कारखान्याचे कलबूत निराळे. म्हणून संध्याकाळी, दिवसभराच्या कामाने पाय किंचित सुजलेले असताना, कागदावर सगळा भार देऊन उभे राहावे व दुसऱ्याकडून पायाभोवती पेन्सिल फिरवून घ्यावी. दोन्ही पायांचे माप घ्यावे, कारण ते सारखे असतातच असे नाही. मोठ्या पायास बूट घ्यावा. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत मोजावे. कित्येकांचे अंगठ्याशेजारचे बोटच अधिक लांब असते. परगावाहून बूट मागवायचा तर नंबर नव्हे, हा कागद पाठवावा.

दुकानात जाताना जे मोजे घालून चालायचे तेच न्यावेत. डोंगरासाठी लोकरीचे बरे. सुती मोजे ओले झाले की ओलेच राहतात व कातडी सोलतात. नाडी न बांधता पाय पुढे सरकवावा. टाचेमागे एक बोट सहज गेले पाहिजे. मग टाच मागे टेकवून नाडी घट्ट बांधावी व चालावे. चढताना टाच उचलली जाऊ नये, उतरताना बोटे पुढे आपटू नयेत, चवडा दोन्ही बाजूंनी आवळला जाऊ नये. दुकानात पायरी असल्यास पाच-दहा वेळा चढउतार करावी. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्यावा. "घालून घालून सैल होईल" या आश्वासनास भुलू नये. कातडे थोडे मऊ होते, पण आखूड बूट लांब होत नाही. नवे बूट आठवडाभर घरात व अंगणात वापरून मगच डोंगरावर न्यावेत.

कोणत्या कामास कोणता

चिखलाच्या शेतात मात्र शिकाऱ्याचा बूट नको. तेथे साधा रबरी गमबूटच योग्य. १८५३ पासून फ्रान्समध्ये हिराम हचिन्सन यांनी असे बूट बनवावयास आरंभ केला, आणि लाकडी पादत्राणे घालून शेतात राबणाऱ्यांचे पाय कोरडे झाले. आपल्याकडे त्याचे महत्त्व अधिक आहे. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायावरच्या लहानशा चिरेवाटे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. गमबुटाने तो धोका पुष्कळ कमी होतो. परंतु त्यास नाडी नसल्यामुळे पाय आत घसरतो, म्हणून लांबच्या डोंगरवाटेस तो चांगला नव्हे.

बूट घरी आल्यावर चिखल धुऊन, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवावेत. चुलीजवळ कदापि ठेवू नयेत; कातडे तडकते व तळाचा डिंक सुटतो. घालण्यापूर्वी बूट झटकून आत पाहावे. विंचू व खडा दोघेही न बोलावता येतात. मधुमेह असणाऱ्यांनी रोज रात्री आपले पाय दिव्याच्या उजेडात तपासावेत, स्वतःस दिसत नसेल तर घरच्यांकडून तपासून घ्यावेत.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते. दरवर्षी पवित्र गुरुवारी आम्ही वेदीपुढे पाय धुतो, तेव्हा धर्मग्रामाची खरी कहाणी आमच्या हाती येते. पुरुषांच्या पायांना निदान चपलेचे वळ असतात. कित्येक माताभगिनींच्या टाचा मात्र चिखल्यांनी खाल्लेल्या असतात. लावणीच्या चिखलात दिवसभर वाकून त्याच उभ्या असतात, आणि बूट घेण्याची वेळ आली की प्रथम धन्यास, मग मुलास, आणि बाईस "पुढच्या वर्षी" असे होते. ज्या प्रभूने शिष्यांचे पाय हातात घेतले, त्यास हा क्रम मान्य होईल काय?

त्या शेतकऱ्याची जखम आता भरली आहे. इस्पितळातून घरी आल्यावर त्याने आमच्या देखत मुलास फोन लावला व सारे खरे सांगितले. पलीकडे मुलगा बराच वेळ बोलू शकला नाही. शेवटी एवढेच म्हणाला, "बाबा, बूट लहान आहेत हे सांगितले असते तर मला वाईट वाटले असते, पण किती, दोन दिवस!"

प्रिय वाचकहो, माया करणाऱ्याने माप विचारावे, आणि माया घेणाऱ्याने कोठे चावते ते सांगावे. बुटांच्या बाबतीत हे जितके खरे, तितकेच घरातील इतर सर्व बाबतींत खरे आहे.