रेड अलर्ट ३: तोफेतून अस्वल उडवणारा गेम नेमका कुठे जमला आणि कुठे फसला?

तोफेच्या नळीत अस्वल भरायचं, नेम धरायचा आणि शत्रूच्या तळावर सोडायचं. अस्वल पॅराशूट उघडून अलगद उतरतं, डरकाळी फोडतं आणि समोरचे सैनिक जागच्या जागी थिजतात. २००८ साली आलेल्या 'कमांड अँड कॉन्कर: रेड अलर्ट ३' या गेममध्ये ही रशियन सैन्याची अगदी रोजची चाल आहे.

हा रिअल टाइम स्ट्रॅटेजी प्रकारचा गेम. म्हणजे बुद्धिबळासारखी पाळीची वाट बघायची नाही. तळ बांधायचा, खनिज काढायचं, फौज उभी करायची आणि शत्रूही त्याच वेळी हेच करत असतो. वेस्टवुड स्टुडिओने १९९६ मध्ये पहिला 'रेड अलर्ट' आणला. त्यात आइनस्टाइन काळयंत्रातून मागे जातो, हिटलरशी हस्तांदोलन करतो आणि हिटलर इतिहासातून गायब होतो. मग दुसरं महायुद्ध पेटतं ते स्टालिनच्या रशियाशी. २००० मध्ये दुसरा भाग आला. २००३ मध्ये वेस्टवुड बंद झाला आणि तिसरा भाग इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या लॉस एंजेलिसच्या चमूने बनवला.

तिसऱ्या भागात डाव उलटतो. हरायला आलेले रशियन नेते १९२७ च्या ब्रसेल्समध्ये, सॉल्वे परिषदेच्या जागी पोहोचतात आणि आइनस्टाइनलाच नाहीसं करतात. (ही परिषद खरी होती आणि आइनस्टाइन खरंच तिथे होता.) परत येऊन बघतात तर रशिया जिंकत आलाय, पण अणुबॉम्ब नावाची गोष्ट जगात नाही आणि पूर्वेकडून जपानी साम्राज्य यंत्रमानवांची फौज घेऊन चाल करून येतंय. प्रत्यक्षात आइनस्टाइनचं १९३९ चं रूझवेल्टना लिहिलेलं पत्र सोडलं, तर बॉम्ब बनवण्यात त्याचा हात नव्हता. पण इथे हिशेब मागायचा नसतो.

गेमची खरी ताकद म्हणजे त्यातला विनोद खेळाच्या नियमांत मुरलेला आहे. प्रत्येक सैनिकाला, रणगाड्याला, जहाजाला एक जादा करामत दिली आहे. मित्रराष्ट्रांचं क्रायोकॉप्टर शत्रूला गोठवतं. गोठलेला रणगाडा एका फटक्यात चक्काचूर होतो. तेच हेलिकॉप्टर रणगाड्याला आकसून खेळण्याएवढा करू शकतं. मग तो सुसाट पळतो, पण त्याचा मारा लुटुपुटीचा होतो. जपानचा मेका टेंगू जमिनीवर चालता चालता विमान होतो. बघताना हसू येतं, पण ही करामत कधी वापरायची हे कळलं नाही तर लढाई हातची जाते.

तीन फौजांची तळ बांधायची पद्धतही वेगळी. मित्रराष्ट्रं इमारत आधी तयार करतात आणि मग जमिनीवर ठेवतात. रशियन आधी जागा धरतात, बांधकाम तिथेच सुरू होतं. जपानी इमारत गाडीसारखी चालत जाते आणि हवी तिथे उलगडते. त्यात समुद्रावरही तळ बांधता येतो आणि बरीच वाहनं पाण्यातून थेट जमिनीवर चढतात. त्यामुळे आधीच्या भागांत बरेचदा कोपऱ्यात पडलेलं आरमार इथे मध्यभागी येतं.

दोष मात्र याच ताकदीतून निघतात. वीस-पंचवीस वाहनं रणात असताना प्रत्येकाची करामत वेगळी दाबायची, तर बोटं कमी पडतात. नवखा खेळाडू गोंधळतो आणि शेवटी सगळी फौज एकगठ्ठा पुढे ढकलतो. म्हणजे गंमत होती तीच वाया गेली.

खनिजाचंही तसंच. आधी खनिजाची शेतं नकाशाभर पसरलेली असत, ट्रक दूरवर जात आणि त्यांना लुटणं हा एक डावपेच होता. इथे खाणीला खेटून कारखाना टाकला की झालं. हिशेब सोपा झाला, पण लुटालुटीची धाकधूक बरीच कमी झाली.

सगळ्यात मोठा प्रयोग होता जोडीदाराचा. तीन फौजांच्या प्रत्येकी नऊ मोहिमा, आणि त्या दोघांनी मिळून खेळायच्या. ऑनलाइन मित्र असेल तर धमाल येते. नसेल तर संगणक जोडीदार होतो. त्याला 'हल्ला कर', 'तिथे थांब' असे मोजकेच हुकूम देता येतात. कधी तो नुसता उभा राहतो, कधी आपण आखलेला डाव आधीच उरकून टाकतो.

आता मोहिमांच्या मधल्या चित्रफिती. टिम करी रशियाचा पंतप्रधान, जे. के. सिमन्स अमेरिकेचा अध्यक्ष, जॉर्ज टाकेई जपानचा सम्राट: नटांची फौज तगडी आहे. पण दुसऱ्या भागात उडो कीर मेंदू ताब्यात घेणारा युरी इतक्या गंभीर चेहऱ्याने करतो, की वेडेपणा खरा वाटतो. तिसऱ्या भागात सगळ्यांनाच माहीत आहे की हा विनोद आहे, आणि ते बघणाऱ्याला सतत जाणवून दिलं जातं. माउंट रशमोरवरच्या दगडी अध्यक्षांच्या डोळ्यांतून लेझर सुटतात, ते खेळताना भन्नाट वाटतं. तोकड्या कपड्यांतल्या महिला अधिकारी आणि समुराई, रोबो, शाळकरी मुलगी एवढ्यात आटोपलेला जपान मात्र आळशीपणा वाटतो. टाकेई स्वतः लहानपणी, दुसऱ्या महायुद्धात, जपानी वंशाचे म्हणून कुटुंबासह अमेरिकेच्या छावणीत कैद होते. त्यांच्याकडून यापेक्षा धारदार काहीतरी करून घेता आलं असतं.

बाहेरची कटकट वेगळीच. विकत घेतलेला गेम सुरुवातीला पाचच वेळा सक्रिय करता येत असे. वारंवार विंडोज फॉरमॅट करणाऱ्यांनी काय करायचं? वर काही प्रतींवर छापलेल्या सीरियल कोडचं शेवटचं अक्षरच गायब होतं, आणि कंपनीने ग्राहकांना सांगितलं की अंदाजाने टाकून बघा!

२००९ मध्ये 'अपरायझिंग' हा जोडभाग आला. त्यात संगणक जोडीदाराची कटकट काढून टाकली, पण इतरांशी ऑनलाइन खेळायची सोयही पूर्णच काढली. मूळ गेमची अधिकृत ऑनलाइन सेवा २०१४ मध्ये गेमस्पाय बंद पडल्यावर थांबली. आता ज्यांना मित्रांशी अस्वलं उडवायची आहेत, ते चाहत्यांनी चालवलेल्या सर्व्हरवर खेळतात.