ट्रॅक्टर सुरू होत नाही? आधी बॅटरी तपासा



रानाला वाफसा आलेला असतो आणि नेमका त्याच दिवशी ट्रॅक्टरचा स्टार्टर फिरत नाही. अशा वेळी लगेच नवी बॅटरी आणायला धावू नका. पुष्कळदा दोष जोडणीत किंवा चार्जिंगमध्ये असतो. तो क्रमाने शोधावा.

१) टर्मिनल : पांढरा-हिरवा थर साचला असल्यास इंजिन बंद करून आधी अर्थची वायर काढा. बुचे घट्ट लावून टर्मिनल खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पुसून आवळा. वरून व्हॅसलीन लावा. अर्थची वायर शेवटी जोडा.

२) पाणी : बुचांची बॅटरी असल्यास प्लेटा बुडालेल्या हव्यात. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. विहिरीचे पाणी नको, ॲसिडही नको.

३) व्होल्ट : रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली असल्यास ती उतरली आहे. इंजिन चालू असताना मीटर १४ च्या आसपास चढला पाहिजे. तसा चढत नसेल तर फॅनचा पट्टा सैल आहे का बघा, नाहीतर अल्टरनेटर तपासून घ्या.

हे सर्व ठीक असून, चार्ज करूनही बॅटरी रात्रीत उतरली, तरच ती बदलण्याचा विचार करा.

जपा : चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. जवळ बिडी-काडी नको. ॲसिड उडाल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवा.

हंगाम संपला म्हणून उतरलेली बॅटरी तशीच ठेवू नका. प्लेटा खराब होतात, अन् पुढच्या पेरणीला खोळंबा होतो.