साठ हजारांची पुडी आणि एमएस

एमएसचं, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान झालं की घरात फोन सुरू होतात. तिसऱ्या-चौथ्या फोनवर कुणीतरी सांगतंच, ‘ड जीवनसत्त्व कमी पडलं असणार, त्यानेच होतं हे. भरपूर घ्या.’ या सल्ल्यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो जास्त घातक ठरतो.

खरं एवढंच, की रक्तात ड जीवनसत्त्व कमी असेल तर पुढे एमएस होण्याचा धोका वाढतो. अमेरिकी सैन्यातल्या गोऱ्या सैनिकांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून हे २००६ साली दिसलं. त्याच सैन्याच्या नमुन्यांतून २०२२ साली एप्स्टाइन-बार विषाणूशी असलेलं कितीतरी घट्ट नातं समोर आलं. तेव्हा ‘त्यानेच होतं’ हे काही खरं नाही. शिवाय धोका वाढणं वेगळं आणि झालेला आजार गोळीने हटणं वेगळं. अमेरिकेतल्या एका चाचणीत नेहमीच्या औषधासोबत काहींना ड जीवनसत्त्वाची रोज ६०० आणि काहींना ५,००० युनिट दिली. एमएसचे अटॅक येण्यात फरक पडला नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या चाचणीत मात्र, आजाराची पहिली चाहूल लागलेल्या आणि औषध सुरू न झालेल्या रुग्णांना दर पंधरा दिवसांनी १ लाख युनिट दिली, तेव्हा दोन वर्षांत सुमारे ६० टक्के लोकांत आजाराची हालचाल दिसली. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ती ७४ टक्के होती. आशा धरावी असा हा निकाल आहे, पण एमएसचं औषध सोडून द्या, असं तो अजिबात सांगत नाही.

आता ड जीवनसत्त्वाची ती साठ हजार युनिटची पुडी. बोटभर लांब, आत पांढरी भुकटी, दुधात ढवळली की संपलं. त्यावर ६०,००० लिहिलेलं असतं, पण लक्ष कोण देतं? प्रौढ माणसाची रोजची गरज ६०० युनिट धरतात. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचा शिधा. डॉक्टर ती बहुतेक वेळा आठवड्याला एक, तीही ठरावीक आठवडेच, लिहून देतात. चिठ्ठी नीट वाचली नाही की ती रोज पोटात जाऊ लागते.

‘जीवनसत्त्वच ते, जास्त झालं तर लघवीवाटे जाईल.’ ब आणि क बद्दल हे बरंचसं खरं. ड मात्र चरबीत साठतं आणि पुडी बंद केल्यावरही कित्येक आठवडे शरीरात राहतं. ते फार वाढलं की आतडं अन्नातलं कॅल्शियम जास्त ओढतं, हाडंही आपलं कॅल्शियम सोडू लागतात. रक्तातलं कॅल्शियम चढलं की गळून गेल्यासारखं होतं, पाय साथ देत नाहीत, बद्धकोष्ठता होते, सारखी लघवी लागते, डोकं चालेनासं होतं. ही यादी एमएसच्या रुग्णाला पाठ असते! साहजिकच घरच्यांना वाटतं, अटॅक आला. तोवर मूत्रपिंडांवर ताण वाढत राहतो. अशा वेळी रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. ब्राझीलमधून पसरलेल्या कोइंब्रा पद्धतीत तर रोज हजारो-लाखो युनिट देतात आणि दूध वर्ज्य करायला लावतात. ती आपल्या मनाने करणं म्हणजे मूत्रपिंडांशी खेळ आहे.

‘रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आहे, म्हणजे हाडं मजबूत.’ नाही. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असतं, आणि रक्तात कमी पडलं तर शरीर तिथूनच उचलून आणतं. एमएसमध्ये चालणं कमी होतं, स्टेरॉइडचे कोर्स होतात, तोल जाऊन पडणंही होतं. हाडांची खरी अवस्था डेक्सा स्कॅनमध्ये कळते.

कॅल्शियमची गोळी सुरू करण्याआधी ताट मोजा. रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. मोठा ग्लासभर दुधात सुमारे ३००, शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकऱ्यांत साडेतीनशेच्या आसपास मिळतं. एवढं करूनही कमी पडत असेल तरच गोळी. पाणी मात्र तोडू नका. लघवीच्या घाईला घाबरून अनेक जण तेच करतात. वर कॅल्शियमच्या गोळ्या असल्या की मुतखड्याला आमंत्रण.

राहिलं ऊन. सकाळचं कोवळं ऊन अंगाला गोड लागतं, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण त्यात फार थोडे. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते, तेव्हाचं ऊन कामाचं. खिडकीच्या काचेआडचं नव्हे. एमएसच्या माणसाला अंग तापलं की दृष्टी धूसर होते, पाय जड होतात, म्हणून तो उन्हालाच घाबरतो. हा त्रास अंग थंड झालं की ओसरतो. त्याने मज्जातंतूंना नवी इजा होत नाही. डिसेंबर-जानेवारीत दुपारी बाराच्या सुमारास, डोक्यावर ओला पंचा घेऊन, हात-पाय उघडे ठेवून दहा-पंधरा मिनिटं गच्चीत बसून पाहा, सोबतीला कुणीतरी असू द्या. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र जाऊ नका. तेव्हा डॉक्टरांनी ठरवून दिलेली ड जीवनसत्त्वाची रोजची छोटी गोळीच बरी.